मनू, टिळक, गांधी आणि टॉलस्टॉय एकाच रात्री भेटले तर? नागपूरच्या मुक्तिबोधांची गोष्ट

सप्टेंबर १९६४. दिल्लीत एका हिंदी कवीची अंत्ययात्रा निघाली होती. खांदा द्यायला लेखक होते, पत्रकार होते, चित्रकारही होते. त्यात मकबूल फिदा हुसेन होते. पुढे आयुष्यभर हुसेन अनवाणी फिरले. त्याचं कारण विचारलं की ते या अंत्ययात्रेचा उल्लेख करत. त्या दिवशी पायातले जोडे काढले ते कायमचेच, असं ते सांगायचे.

तो कवी गेला तेव्हा ४६ वर्षांचा होता. त्याच्या नावावर एकही स्वतंत्र कवितासंग्रह नव्हता. घरात मराठी बोलली जायची, लिखाण हिंदीत व्हायचं आणि उमेदीची दहा वर्षं गेली नागपुरात.

त्यांचं नाव गजानन माधव मुक्तिबोध.

आज पुस्तकांच्या दुकानात गेलात तर पुराणातली पात्रं आणि कालप्रवास यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्यांचा ढीग दिसतो. कुणी आजच्या काळातून महाभारतात जातो, कुणी पुराणातला वीर आजच्या शहरात येतो. मुक्तिबोधांनी अशी कादंबरी लिहिली नाही. पण पुराणातला माणूस, इतिहासातला माणूस आणि आजचा माणूस एकाच रस्त्यावर आणून उभे करायचे, हा उद्योग त्यांनी नागपुरात बसून केला. असं का करायचं असतं, याचा विचारही त्यांनी सविस्तर मांडून ठेवला. त्यासाठीच ही गोष्ट माहिती असायला हवी.

जळगावचं घराणं, माळव्यातलं बालपण

मुक्तिबोध घराणं मूळचं खानदेशातल्या जळगावचं. पणजोबांच्या काळात हे कुटुंब ग्वाल्हेर संस्थानात गेलं. पूर्वजांपैकी कुणीतरी एक आध्यात्मिक ग्रंथ लिहिला आणि त्याच्यावरून हे आडनाव पडलं, अशी आख्यायिका घरात सांगितली जायची.

गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, श्योपूरचा. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते. दर काही वर्षांनी बदली ठरलेली, त्यामुळे मुलाची शाळाही बदलायची. १९३० मध्ये मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले. पुढे बी.ए.लाही पहिल्या वेळी अपयश आलं आणि १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून पदवी मिळाली.

आई पार्वतीबाई बुंदेलखंडातल्या. त्यांना वाचनाचं वेड होतं आणि त्यांचे दोन आवडते लेखक होते. हिंदीतले प्रेमचंद आणि मराठीतले हरी नारायण आपटे. म्हणजे एकाच घरात एकीकडे प्रेमचंदांचा शेतकरी होता आणि दुसरीकडे आपट्यांच्या कादंबऱ्यांमधला शिवकाल. आजचं दुःख आणि कालचा इतिहास मुक्तिबोधांच्या कानावर लहानपणापासून एकत्रच पडत होता.

१९३९ मध्ये त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. घरच्यांचा विरोध होता. तिथून पुढे आयुष्यभर संसाराची तोंडमिळवणी करणं सुरू झालं. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, इंदूर, बनारस, जबलपूर... कुठे शाळेत मास्तरकी, कुठे मासिकात नोकरी. शुजालपूरच्या शारदा शिक्षण सदनात असताना त्यांचं मार्क्सवादाचं वाचन सुरू झालं आणि त्या विचाराने त्यांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही.

१९४३ मध्ये अज्ञेयांनी 'तार सप्तक' नावाचा संग्रह काढला. सात नव्या कवींच्या कविता असलेलं हे पुस्तक हिंदी कवितेतला मैलाचा दगड मानलं जातं. त्या सातांत मुक्तिबोध होते. गंमत म्हणजे त्या सातांत प्रभाकर माचवेही होते. हिंदी कविता बदलणाऱ्या सात जणांपैकी दोघांची मातृभाषा मराठी होती.

नागपूरची दहा वर्षं

१९४८ मध्ये मुक्तिबोध नागपूरला आले.

तेव्हाचं नागपूर आजच्यापेक्षा वेगळं होतं. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, पुढे मध्य प्रदेशची राजधानी होतं. सचिवालय इथे, विद्यापीठ इथे, आकाशवाणी इथे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांचे लेखक एकाच शहरात वावरत होते. दुसऱ्या बाजूला हे गिरणी कामगारांचं शहर होतं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा वाजला की अर्धं शहर जागं व्हायचं.

मुक्तिबोधांनी आधी सरकारच्या माहिती आणि प्रसिद्धी खात्यात नोकरी केली. नंतर आकाशवाणीच्या वृत्त विभागात काम केलं. राहायला शुक्रवारी तलावाच्या परिसरात होते. पगार बेताचा, घरात मुलं, डोक्यावर कर्ज. या धावपळीतच १९५३ मध्ये, पस्तिशी ओलांडल्यावर, त्यांनी नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम.ए. केलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर मुंबई राज्यात आलं. हिंदीचा सरकारी कारभार नागपुरातून उठला. मुक्तिबोध मात्र नागपुरातच राहिले आणि 'नया खून' या हिंदी साप्ताहिकाचं काम पाहू लागले. तिथे ते टोपणनावांनीही लिहीत. त्यातलं एक नाव होतं 'यौगंधरायण'. भासाच्या संस्कृत नाटकातल्या उदयन राजाचा हा चतुर मंत्री. १९५० च्या दशकातल्या राजकारणावर लिहायला प्राचीन काळातल्या मंत्र्याचं नाव घ्यायचं, ही त्यांची खास खोड.

धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोधही नागपुरातच स्थिरावले. त्यांनी मात्र मराठीत लिहिलं. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे त्यांचे कवितासंग्रह, 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या कादंबऱ्या. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथासाठी त्यांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषांमधली कविता पुढे नेली, असं उदाहरण भारतात शोधून सापडणं कठीण.

कामायनीचा मनू खरा कोण?

आता येऊ मुद्द्याच्या गोष्टीकडे.

जयशंकर प्रसाद यांचं 'कामायनी' हे १९३६ चं महाकाव्य हिंदीत फार मोठं मानलं जातं. कथा पुराणातली आहे. प्रलय होतो, सगळी देवसृष्टी बुडते, एकटा मनू वाचतो. त्याला श्रद्धा भेटते. तो तिला सोडून जातो, इडेच्या मदतीने राज्य उभारतो, ते राज्य उन्मत्तपणामुळे कोसळतं आणि शेवटी तो पुन्हा श्रद्धेबरोबर हिमालयात जाऊन शांत होतो. बहुतेक समीक्षक या काव्याकडे मानवजातीची आदिम कथा किंवा आध्यात्मिक रूपक म्हणून पाहत.

मुक्तिबोध अनेक वर्षं या काव्याच्या मागे लागले होते. त्यांचं 'कामायनी : एक पुनर्विचार' हे पुस्तक १९६१ मध्ये आलं. त्यात त्यांनी वेगळंच म्हटलं. त्यांच्या मते कामायनी ही एक भली मोठी फँटसी आहे. मनूच्या अंगावर वेदकाळाचे कपडे आहेत, पण आतला माणूस प्रसादांच्या स्वतःच्या काळातला आहे. स्वतःतच रमलेला, सत्ता हवी असलेला, जबाबदारी नको असलेला. जुन्या सरंजामी वर्गाचा ढासळता वारसा आणि नव्या भांडवलदारी समाजातला एकलकोंडेपणा, या दोन्हींचं मिश्रण म्हणजे हा मनू.

पुढचा प्रश्न त्यांनी असा विचारला की या माणसाने केलेल्या चुकांचं उत्तर प्रसाद काय देतात? मनूने प्रजेवर अन्याय केला, राज्य बुडवलं. त्यावर उपाय म्हणून हिमालयात जाऊन मिळणारी वैयक्तिक शांती पुरेशी आहे का? मागे राहिलेल्या प्रजेचं काय? मुक्तिबोधांना हे उत्तर पटलं नाही. काव्याचं मोठेपण त्यांनी मान्य केलं, पण त्यातली ही पळवाट दाखवूनही दिली.

पुराणकथेवरची कुठलीही कादंबरी हातात घेतली की हीच कसोटी लावून पाहता येते. लेखक पुराणाच्या नावाखाली कुठल्या काळाबद्दल बोलतोय? आणि आजचा अवघड प्रश्न सोडवण्यासाठी तो पुराणात गेलाय, की तो टाळण्यासाठी?

फँटसी म्हणजे नेमकं काय?

फँटसी म्हटलं की आपल्याला पऱ्या, राक्षस, उडते गालिचे आठवतात. मुक्तिबोधांनी हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला.

'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकात त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला क्षण म्हणजे आयुष्यातला एखादा तीव्र अनुभव. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटा होतो आणि डोळ्यांसमोर एक चित्र बनून उभा राहतो. हीच फँटसी. तिसऱ्या क्षणी ते चित्र शब्दांत उतरायला लागतं आणि उतरता उतरता बदलत जातं.

साधं उदाहरण घेऊ. एखाद्या कारकुनाचा ऑफिसात अपमान झाला. रात्री त्याला स्वप्न पडलं की आपण एका खोल विहिरीत आहोत आणि वर दोर धरून कुणीच नाही. विहीर खोटी आहे, पण अपमान खरा आहे. आणि ही विहीर फक्त त्या एका कारकुनाची राहत नाही, ज्याचा ज्याचा अपमान झालाय त्या सगळ्यांची होते. मुक्तिबोधांच्या दृष्टीने फँटसीची ताकद ही होती. वास्तव थेट सांगता येत नाही तेव्हा ती कामाला येते.

विहिरीतला ब्रह्मराक्षस

विहिरीवरून आठवलं. त्यांची सगळ्यात गाजलेली दोन पात्रं ब्रह्मराक्षसच आहेत.

ब्रह्मराक्षस मराठी माणसाला नवा नाही. खूप शिकला, पण विद्या कुणाला दिली नाही किंवा तिचा दुरुपयोग केला, असा विद्वान मेल्यावर ब्रह्मराक्षस होतो, ही समजूत आपल्या गावोगावी आहे.

'ब्रह्मराक्षस' या कवितेत शहराबाहेर एक ओस पडलेली पायऱ्यांची विहीर आहे. आत काळोख, काठावर औदुंबर. त्या पाण्यात एक ब्रह्मराक्षस राहतो. अंगाचा मळ जावा म्हणून तो रात्रंदिवस अंग घासतोय, पण मळ जात नाही. तोंडाने अखंड पठण चालू आहे. सुमेर आणि बाबिलोनच्या लोककथांपासून वैदिक ऋचांपर्यंत आणि तिथून मार्क्स, रसेल, टॉयन्बी, सार्त्र, गांधींपर्यंत सगळ्या काळातलं ज्ञान त्याच्याकडे आहे. भिंतीवर सूर्याची तिरीप पडली तरी त्याला वाटतं, सूर्याने आपल्याला नमस्कार केला.

हजारो वर्षांचा प्रवास आहे, पण विहिरीच्या बाहेर एक पाऊल नाही. ज्ञान प्रचंड, पण जगण्याशी संबंध तुटलेला. कवी शेवटी त्याची टर उडवत नाही. आपण त्याचे शिष्य व्हावं आणि त्याचं राहिलेलं काम पुरं करावं, अशी इच्छा तो व्यक्त करतो.

'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा नागपूरच्याच काळातली. एक खेडवळ मुलगा गुरूच्या शोधात काशीला येतो. एका जुन्या वाड्यात त्याला गुरू भेटतात. बारा वर्षं तो तिथे शिकतो. शेवटच्या दिवशी जेवताना गुरू जागेवरून न उठता हात लांब करतात. हात वाढत वाढत स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि तूप घेऊन येतो. तेव्हा कळतं की हा ब्रह्मराक्षस आहे. योग्य शिष्य न मिळाल्यामुळे तो अडकून पडला होता, आता विद्या दिली म्हणून सुटला. आणि आता ती विद्या पुढे देण्याची जबाबदारी शिष्यावर आली.

आपल्या पुराणांमध्ये कालप्रवास आहेच. ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, थोडा वेळ थांबतो आणि परत येतो तर पृथ्वीवर कित्येक युगं उलटलेली असतात. एच. जी. वेल्सने १८९५ मध्ये त्यासाठी यंत्र शोधलं. मुक्तिबोधांना ना देव लागला, ना यंत्र. त्यांच्याकडे विद्येचं ओझं घेऊन युगानुयुगं एका जागी अडकलेला विद्वान होता.

अंधारातली मिरवणूक

त्यांची सगळ्यात मोठी कविता म्हणजे 'अंधेरे में'. १९५७ च्या सुमारास नागपुरात सुरू झालेली ही कविता राजनांदगावला जाऊन पुरी झाली. तिच्यावर ते वर्षानुवर्षं काम करत होते.

सुरुवातीला एका माणसाच्या खोलीत भिंतीचा पोपडा गळून पडतो आणि त्या जागी एक चेहरा तयार होतो. हा कोण? मनू तर नव्हे? इथे पुन्हा तोच प्रलयातला मनू.

मग मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते. बँड वाजतोय. पुढे लष्करी अधिकारी, मागे दिवसा सभ्य म्हणून मिरवणारे पत्रकार, विचारवंत, कवी, उद्योगपती आणि त्यांच्याच बरोबर शहरातला कुप्रसिद्ध खुनी डोमाजी उस्ताद. हे सगळं पाहिलं म्हणून आता त्या माणसाचा पाठलाग सुरू होतो. शहरात मार्शल लॉ लागलाय, कुठेतरी गोळी चाललीय. पळता पळता तो टिळकांच्या पुतळ्यापाशी येतो, तर पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहतंय. पुढे अंधारात गांधीजी बसलेले दिसतात. त्यांच्याजवळ एक मूल आहे आणि ते मूल ते या माणसाच्या हवाली करतात. आकाशात कुठेतरी टॉलस्टॉयसारखा चेहरा दिसून जातो.

कवितेत शहराचं नाव नाही. पण टिळक पुतळा हा नागपूरकरांसाठी रोजचा पत्ता आहे. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा मुक्तिबोध वार्ताहर म्हणून तिथे होते आणि त्या अनुभवाचा या कवितेशी संबंध आहे, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे त्यांच्याच भाषेत बोलायचं तर गोळीबार हा पहिला क्षण, मिरवणूक हा दुसरा आणि कविता हा तिसरा.

यात टिळक आणि गांधी आशीर्वाद द्यायला येत नाहीत. एक जखमी आहे, दुसरा आपलं काम पुढच्या माणसावर सोपवतोय. भूतकाळ आजच्या माणसाकडे हिशोब मागायला आलाय.

इतिहासाच्या पुस्तकावर बंदी

१९५८ मध्ये मुक्तिबोधांना राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा थोडं स्थैर्य आलं. कॉलेज जुन्या संस्थानी राजवाड्यात होतं, आजूबाजूला राणीसागर आणि बुढासागर ही तळी. राहायची जागाही त्याच आवारात, चक्राकार जिना असलेली. त्यांच्या कवितांमधले जिने, तळी आणि पडके वाडे इथे अक्षरशः घराबाहेर उभे होते.

इथे त्यांनी शाळेसाठी एक पुस्तक लिहिलं, 'भारत : इतिहास और संस्कृति'. ते पाठ्यपुस्तक म्हणून लागलंही. कर्जात बुडालेल्या घराला यातून हातभार लागेल अशी आशा होती.

पण पुस्तकातल्या काही मजकुरावर आक्षेप घेतले गेले. निदर्शनं झाली. सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १९६३ मध्ये आक्षेपार्ह ठरवलेला भाग वगळण्याची अट आली.

ज्या माणसाने राक्षस, पुतळे आणि अंधाऱ्या मिरवणुकी लिहिल्या, त्याच्या त्या लिखाणाला कुणी हात लावला नाही. बंदी आली ती त्याने मुलांसाठी सरळ लिहिलेल्या इतिहासावर. हा घाव त्यांच्या फार जिव्हारी लागला, असं त्यांच्या मित्रांनी लिहून ठेवलं आहे.

शेवट आणि त्यानंतर

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. प्रकृती ढासळत गेली. साहित्यिकांनी धावपळ केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लक्ष घातलं आणि त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये हलवण्यात आलं. मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली होती. अनेक आठवडे ते बेशुद्ध होते. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले.

ते अंथरुणावर असतानाच मित्रांनी त्यांच्या कविता गोळा केल्या होत्या. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर आला. 'अंधेरे में' हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात नोव्हेंबर १९६४ मध्ये छापून आली. दोन्ही पाहायला ते नव्हते.

त्यानंतर मात्र हिंदी साहित्याने त्यांना सोडलं नाही. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली 'मुक्तिबोध रचनावली' सहा खंडांत आली. त्याच वर्षी मणी कौल यांनी त्यांच्या लिखाणावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट केला. मराठी घरातून आलेले आणखी एक मोठे हिंदी कवी चंद्रकांत देवताले यांनी मुक्तिबोधांवरच पीएच.डी. केली. बंदी आलेलं इतिहासाचं पुस्तकही अनेक दशकांनी पूर्ण स्वरूपात पुन्हा छापलं गेलं. राजनांदगावला त्यांचं स्मारक आहे.

नागपुरात एम्प्रेस मिलचा भोंगा बंद होऊन बरीच वर्षं झाली. शुक्रवारी तलावाचं नाव गांधीसागर झालं. टिळक पुतळा मात्र अजून पत्ता सांगायच्या कामी येतो.

मुक्तिबोध वाचायचे असतील तर थेट 'अंधेरे में'ला हात घालू नका, दमायला होईल. 'ब्रह्मराक्षस का शिष्य' या छोट्याशा कथेपासून सुरुवात करा. हिंदी सोपी आहे आणि एका बैठकीत वाचून होते. गुरूचा हात तूप आणायला लांब होतो तिथपर्यंत पोहोचलात, की पुढचं आपोआप वाचाल.